नफा शिलाईत नव्हे, कटिंगच्या टेबलावर ठरतो

‘तयार कपड्यांच्या धंद्यात नफा शिलाईच्या वेगावर ठरतो’ हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. सोलापुरात शालेय गणवेशांचे छोटे युनिट अनेक वर्षे चालवल्यानंतर माझा अनुभव असा आहे की, कापड विकत घेऊन माल शिवणाऱ्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो, त्यामुळे नफा-तोट्याचा निकाल मशीन सुरू होण्याआधीच कटिंग मास्तरांच्या टेबलावर लागलेला असतो. एका शर्टामागे केवळ 5 सेंटिमीटर कापड जास्त गेले, तरी 10,000 शर्टांमागे 500 मीटर कापड वाया जाते, आणि चिंध्या किलोवर विकून ते भरून निघत नाही.

एकदा 58 इंच पन्हा (कापडाची रुंदी) सांगून आलेल्या ताग्यांपैकी काही 57 इंचांचे निघाले. कापडावर शर्ट-पॅन्टचे तुकडे बसवण्याची आखणी 58 इंचांची होती, म्हणून ते तागे वेगळे काढून नव्याने आखावे लागले, आणि दोन लॉटच्या निळ्या रंगातील फरक तर पॅन्ट शिवून झाल्यावर दिसला. जूनमध्ये शाळा उघडायच्या असताना माल परत करण्याइतका वेळ कोणाकडे असतो? त्या लेखात मात्र कापडाच्या तपासणीबद्दल एक ओळही नाही.