गप्प बसा, बीपी मोजतोय

दवाखान्यात माझं बीपी वर जातं, पांढरा कोट बघून बऱ्याच जणांचं जातं म्हणे, म्हणून डॉक्टर म्हणाले की मशीन घ्या आणि घरीच सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणा. नियम काय तर आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. चहा सोडेन एकवेळ, पण सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाने पाच मिनिटं गप्प बसायचं??

बरं मी बसलो तरी घर बसत नाही. पट्टा फुगायला लागला की कुकरची शिट्टी, नाहीतर बायको आतून "ऐकलं का", आणि परवा तर थेट शेजारचे काका. आले ते सुरूच, साधं मीठ बंद करा, सैंधव खा, आमच्याकडे तेच असतं. अहो काका, सैंधवपण सोडियम क्लोराइडच, एवढं बोललो आणि मशीनवर 152/94. घरी 135/85 च्या आत पाहिजे.

मिठाचं तर विचारूच नका. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, सगळं धरून. बायकोने आमटी अळणी केली आणि वर तोंडी लावायला लोणचं-पापड वाढलं! खारी, ब्रेड, मिसळीवरचं फरसाण यातलं मीठ कुणी धरतच नाही. ते अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं व्हॉल्यूम वाढतं, की प्रेशर वर. तळजाईवर भरभर चालणं तेवढं जमतं, आठवड्याला 150 मिनिटं सांगितलीत, ती होतात.

तर काकांना म्हटलं आलाच आहात तर मोजा. 168/100. मला काहीच होत नाही म्हणाले, ना डोकं दुखतं ना चक्कर येते, तुमचं मशीन बिघडलंय. आता बीपीचं तेच तर आहे, वर्षानुवर्षं वर असलं तरी माणसाला पत्ता नसतो. ऐकतील तर काका कसले, तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बेल. दारात काका, बाही वर करून. "चहा आत्ताच झालाय हं." मग अर्धा तास थांबावं लागेल म्हटलं, तर थांबले, आणि तो अख्खा अर्धा तास बोलत बसले.