विजेच्या लाइनवर वायर टाकून १०० किलोमीटर? थांबा!

‘फेकून द्या कंपनीचा अँटेना! घरातल्या वायरीने वॉकी-टॉकीची रेंज थेट १०० किलोमीटर!!’ असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. पाच मुद्दे, ढीगभर उद्गारचिन्हं आणि तळाशी ‘कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’. असले संदेश मी वाचून सोडून देतो. पण काल भाच्याने तोच पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, दुसरा मुद्दा करून बघू का? समोरून लाइन जातेच आहे.’ त्याला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकीचं लिहितो, आणि सुरुवात त्या दुसऱ्या मुद्द्यापासूनच करतो.

‘वायरीला दगड बांधून जवळच्या सर्वांत उंच वस्तूवर फेका. विजेची लाइन असेल तर उत्तमच. वायरीवर प्लॅस्टिक असल्याने शॉक बसत नाही आणि अख्खी लाइनच तुमचा अँटेना बनते.’

हे लिहिणाऱ्याने एकदा तरी वर मान करून बघितलंय का? खांबांवरच्या तारा बहुतेक ठिकाणी उघड्या असतात आणि त्यांतल्या कित्येकांत हजारो व्होल्ट खेळत असतात. घरातल्या वायरीवरचं प्लॅस्टिक काहीशे व्होल्टसाठी बनवलेलं असतं. त्या दाबापुढे ते असून नसल्यासारखं. पक्षी तारेवर बसतो आणि त्याला काही होत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध नसतो. वायर फेकणारा मात्र जमिनीवर किंवा गच्चीवर उभा असतो, वायरीचं दुसरं टोक हातात धरून. म्हणजे वीज जमिनीत उतरायला वाट कोणाच्या अंगातून? ओली दोरीही सुरक्षित नाही. वायर चुकून अडकलीच तर ओढायची नाही, काठीने काढायची नाही. लांब व्हायचं आणि वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवायचं.

अमेरिकेत हॅम रेडिओच्या, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओच्या, अगदी पहिल्या पायरीच्या परीक्षेत यावर प्रश्न असतो. उत्तर असं: अँटेना कोसळला तरी त्याचा कोणताही भाग विजेच्या तारांच्या १० फुटांच्या आत येता कामा नये, इतका तो लांब हवा. कोसळला तरी! आणि इथे मुद्दाम तारेवरच फेकायला सांगताहेत. बरं, जीव धोक्यात घालून मिळणार काय, तर लाइनवरची सगळी खरखर तुमच्या संचात.

आता ती १०० किलोमीटरची गोष्ट. ‘वायर जितकी लांब तितकी रेंज जास्त’ म्हणे. हॅम मंडळींचे वॉकी-टॉकी चालतात त्या १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर. तिचा पाव भाग, थोडा कापून, म्हणजे ४९ सेंटिमीटरची उभी तार संचाशी बऱ्यापैकी जुळते. या संदेशावर विश्वास ठेवून ती दुप्पट केलीत की खालच्या टोकाचा रोध (इम्पीडन्स) काही हजार ओहमवर जातो, संच मात्र ५० ओहमसाठी बनवलेला. पॉवर बाहेर पडण्याऐवजी परत फिरते. शहाणा संच आपणहून पॉवर कमी करतो, साधा असेल तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर गमावून बसतो.

आणि या वारंवारितेवर रेंज ठरते ती मुख्यतः उंचीवर. अँटेनाच्या उंचीचं, मीटरमधल्या, वर्गमूळ घ्या आणि ४.१२ ने गुणा: तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. दोघे मोकळ्या सपाट मैदानात संच तोंडाशी धरून उभे असतील, म्हणजे दीड मीटरवर, तर दोघांची मिळून साधारण १० किलोमीटर. मध्ये घरं-झाडं आली की त्याहून पुष्कळ कमी. १०० किलोमीटर हवे असतील तर दोन्ही अँटेना सपाटीपासून जवळजवळ दीडशे मीटर वर न्या. ४०० किलोमीटर वरून जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर हातातल्या संचावरही ऐकू येतं, हे खरं. पण ते मध्ये आडवं काही नसतं म्हणून. वायरीच्या लांबीची करामत नव्हे.

तरी या मुद्द्यात एक कण सत्याचा आहे. हातातल्या संचाच्या अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या म्हणजे ग्राउंडच्या बाजूला, ४९ सेंटिमीटरची वायर जोडून खाली लोंबती सोडली तर फरक पडतो. हॅम मंडळी हे वर्षानुवर्षं करत आली आहेत. फरक पडतो म्हणजे खरखरणारा आवाज स्वच्छ होतो, १० चे १०० होत नाहीत.

तिसरा मुद्दा, ‘एसडब्ल्यूआर मीटरने १ दाखवला की अँटेना एक नंबर.’ हा मीटर पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरते ते सांगतो, १ म्हणजे काहीच नाही. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे सगळी पॉवर उष्णतेत जिरवणारा रोधक, लावून बघा. मीटर १ दाखवेल आणि शेजारच्या खोलीपलीकडे कोणाला धड ऐकू येणार नाही. आणखी गंमत म्हणजे संचापासून अँटेनापर्यंत नेतात ती आरजी-५८ ही बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला १५ मीटरमध्येच जवळपास निम्मी पॉवर खाते. परत फिरलेली पॉवरही तीच खाते, म्हणून ३० मीटर टाकलीत तर वर अँटेना लावायला विसरलात तरी खालचा मीटर २ च्या आत राहू शकतो! मीटर वाईट नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

‘टीव्हीची केबल चालते.’ चालते. मान्य करायला जिवावर येतंय, पण चालते. ७५ ओहमच्या केबलने ५० ओहमशी दीडचा एसडब्ल्यूआर येतो, म्हणजे परत फिरते फक्त ४ टक्के पॉवर. आणि टीव्हीची आरजी-६ तेवढ्याच लांबीच्या आरजी-५८ पेक्षा कमी पॉवर खाते.

‘अँटेना घरचा, म्हणून लायसन्स नको.’ लायसन्स प्रक्षेपणाला लागतं. अँटेना विकतचा की घरचा, याने काही बदलत नाही. विनापरवाना चालणाऱ्या संचांचं तर उलटच: युरोपचा पीएमआर ४४६ असो की अमेरिकेचा एफआरएस (दोन्ही विनापरवाना वॉकी-टॉकीचे प्रकार), अँटेना बदलता न येणं हीच तिथली अट आहे. तो कापून वायर डकवली की सवलत संपली.

ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि हात शिवशिवताहेत त्याने ग्राउंड प्लेन, म्हणजे एक उभी तार आणि तिच्या बुडाशी पसरलेल्या चार तारा असा अँटेना, करावा. पॅनेलवर बसणारं, अँटेनाच्या केबलचं (कोॲक्सचं) एक सॉकेट घ्या. मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची उभी तांब्याची तार, चार कोपऱ्यांना साधारण ५१ सेंटिमीटरच्या चार तारा, ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. त्या सरळ आडव्या ठेवल्या तर रोध ३६ ओहमच्या आसपास येतो, खाली वाकवल्या की ५० च्या जवळ. उभी तार सुरुवातीला दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा आणि मीटर बघत थोडी थोडी कापा. टोकं गोल वळवून घ्या, डोळ्यांच्या उंचीला येतात.