दोन परिच्छेदांत मंत्रिपद कसे घालवावे

मंत्रिपद कसे मिळवावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते घालवूनही मानमरातब शाबूत कसा राखावा, हे शिकवणारा गुरू मात्र विरळा. वाचकहो, आपल्याला या विद्येची ओढ असेल, तर इंग्लंडच्या कर्नल जॅक सीली यांना मनोमन गुरू करून घ्यावे.

पूर्वतयारी फारशी अवघड नाही. जन्म घेताना कोळशाच्या खाणी बाळगून असलेले घर निवडावे, शिक्षण हॅरो आणि केंब्रिज येथे घ्यावे आणि निवडणुकीच्या दिवसांत मतदारसंघात चुकूनही फिरकू नये. १९०० साली आइल ऑफ वाइट बेटाच्या मतदारांनी सीली यांना हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात पाठवले, तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी लढत होते. पुढे खुल्या व्यापाराच्या आणि आफ्रिकेतल्या खाणींवर चिनी मजूर नेण्याच्या प्रश्नांवर पक्षाशी बिनसले, म्हणून १९०४ मध्ये त्यांनी जागेचा राजीनामा दिला आणि त्याच जागेवर ते बिनविरोध परत आले. राजीनाम्याची पहिली चव इतकी गोड लागल्यावर माणसाला त्याची सवय जडली, तर दोष कोणाला द्यायचा? मग उदारमतवादी पक्षात जावे आणि जून १९१२ मध्ये युद्धमंत्री व्हावे.

आता मुख्य धडा. मार्च १९१४ मध्ये आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक कायदा होण्याच्या बेतात होते आणि उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातले युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलेच राहू इच्छिणारे, त्याविरुद्ध स्वयंसेवकांची फौज उभारून बसले होते. डब्लिनजवळच्या कराघ येथील छावणीत अधिकाऱ्यांना विचारण्यात आले, की उत्तरेकडे जाण्याचा हुकूम आला तर आपण काय कराल? सैन्यात हुकूम द्यायचा असतो, कौल लावायचा नसतो, ही जुनाट समजूत आपण डोक्यातून काढून टाकावी. ब्रिगेडियर ह्यूबर्ट गफ आणि त्यांच्या घोडदळातल्या ५७ अधिकाऱ्यांनी बडतर्फी पत्करू, पण जाणार नाही, असे कळवले. त्यांना लंडनला बोलावण्यात आले ते मात्र समजूत घालण्यासाठी.

२३ मार्च रोजी मंत्रिमंडळाने गफ यांना द्यायच्या खुलाशाचा मसुदा मंजूर केला. त्या वेळी सीली राजवाड्यावर गेले होते. ते परतले तेव्हा सहकारी दुपारच्या जेवणाला उठत होते. होतकरू मंत्र्याने ही वेळ हेरून ठेवावी, कारण सहकारी जेवायला गेले की कागद आणि आपण एवढेच उरतो. मसुदा तोकडा वाटल्याने सीली यांनी त्याला दोन परिच्छेद जोडले आणि स्वराज्य विधेयकाला होणारा राजकीय विरोध चिरडण्यासाठी सैन्य वापरण्याचा सरकारचा इरादा नाही, अशी हमी त्यांत देऊन टाकली. शब्दरचनेत मदत केली मंत्रिमंडळातले सहकारी लॉर्ड मोर्ले यांनी. होय, १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांतले तेच मोर्ले. हिंदुस्थानला हक्क देताना एकेक शब्द तोलूनमापून मोजणारा हा हात त्या दिवशी बराच सैल सुटला होता. गफही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. अल्स्टरवर कायदा लादण्यासाठी आम्हाला बोलावले जाणार नाही, असाच याचा अर्थ ना, असे त्यांनी लिहून विचारले आणि लष्करप्रमुख फ्रेंच यांनी त्याखाली आपणही तसाच अर्थ लावतो, असे लिहून सही ठोकली.

प्रयोग करण्यापूर्वी आपली इयत्ता मात्र तपासून घ्यावी. दोनच वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, कामगार पुढारी टॉम मान यांना सहा महिन्यांची कैद ठोठावण्यात आली होती. संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नका, असे सैनिकांना विनवणारा मजकूर प्रसिद्ध करणे, हा त्यांचा अपराध. साध्या शिपायाला नकार शिकवला तर ती फितूर. घोड्यावरच्या साहेबाने स्वतःच नकार दिला तर ती सदसद्विवेकबुद्धी, आणि तिला युद्धखात्याकडून लेखी हमीपत्र मिळते. त्यामुळे आपल्यापाशी घोडा नसेल, तर हा धडा निव्वळ करमणुकीपुरता वाचावा.

बोभाटा झाल्यावर सीली यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी तो घेतला नाही. पण परिच्छेद सरकारने नाकारल्यामुळे फ्रेंच पद सोडायला निघाले, तेव्हा ३० मार्च रोजी सीली यांनाही जावे लागले. मोर्ले राहिले. गफ यांची नोकरीही राहिली.

पाचच महिन्यांत महायुद्धाने सगळ्यांना ही भानगड विसरायला लावली. सीली आपला वॉरियर नावाचा घोडा घेऊन फ्रान्सला गेले आणि पुढे कॅनडाच्या घोडदळ ब्रिगेडचे सेनानी झाले. उपरोधाला इथे क्षणभर लगाम घालतो, कारण माणूस खरोखरच शूर होता. ३० मार्च १९१८ रोजी, पदत्यागाला बरोबर चार वर्षे होत असताना, फ्रान्समधल्या मोर्युईच्या जंगलाकडे ते स्वतः वॉरियरवर बसून पुढे गेले. त्या दिवशी लेफ्टनंट फ्लॉवरड्यू यांच्या तुकडीने मशिनगनवर धाव घेतली आणि निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. फ्लॉवरड्यू दुसऱ्या दिवशी वारले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१९१९ मध्ये हवाई खात्याला स्वतंत्र मंत्री मिळत नाही म्हणून सीली यांनी उपमंत्रिपदही सोडले. सरावलेल्या हाताला वेळ लागत नाही. पुढे १९२६ पासून १९४३ पर्यंत ते राष्ट्रीय बचत समितीचे अध्यक्ष राहून, खाणीवाल्याच्या घरातल्या अनुभवाच्या बळावर, जनतेला काटकसर शिकवत होते. १९३३ मध्ये ते लॉर्ड मॉटिस्टोन झाले.

वॉरियरने कधी राजीनामा दिला नाही. युद्धाहून परतून त्याने १९२२ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरची शर्यत जिंकली, १९३४ मध्ये धन्याने त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या धान्यटंचाईत, म्हाताऱ्या घोड्याला ओट घालणे परवडेना, म्हणून त्याला कायमचा निरोप देण्यात आला.