फुकटाची पावती

परवा माझा कागद ऑफिसातून परत आला. वर लाल शाईत शेरा : ‘साहित्य मोफत मिळाल्याबाबतची पावती जोडावी.’

झालं होतं एवढंच. आठवीला धाराविद्युत शिकवायची होती आणि प्रयोगशाळेतल्या बॅटऱ्यांनी केव्हाच देह ठेवलेला. म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ हे प्रयोगांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पडद्यावरच तारा जोडायच्या, बल्ब लावायचा. एकदा उतरवलं की नेट गेलं तरी चालतं, आणि मराठीतही आहे. पोरांनी बॅटरी शॉर्ट केली, पडद्यावर जाळ झाला, वर्ग खूश. अहवालात मी लिहिलं, ‘खर्च : शून्य’. तिथंच माती खाल्ली.

आमच्या ऑफिसातले अण्णा रिटायरमेंटला आलेत. ऑडिटच्या धास्तीनं त्यांचा चष्मा कायम कपाळावर.

“बाई, हे आणलं कुठनं?”

“अमेरिकेतनं.”

“पार्सलनं?”

“नेटवरनं, अण्णा. फुकट असतं ते.”

“पोवई नाक्यावर गाडी लावायला फुकट जागा मिळत न्हाई, अन् अमेरिका बॅटऱ्या वाटतीय?”

मी खुर्ची ओढली. म्हटलं, असं मोकळं शिक्षणसाहित्य जगभर असतं, युनेस्कोच्या बैठकीत २००२ साली त्याला नावसुद्धा पडलं. अण्णांनी ‘युनेस्को’ लिहून घेतलं आणि विचारलं, “ह्यांचा जीएसटी नंबर?”

“अहो, हे फेट नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी उभं केलंय.”

“मग त्यांचीच सही आणा की.”

मग डेड स्टॉक रजिस्टर निघालं. शाळेत बाकापासून बादलीपर्यंत सगळ्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला असतो. “ह्याच्यावर कुठं टाकू?” लॅपटॉपवर आधीचाच नंबर होता. अण्णा विचारात पडले. “तास झाल्यावर ते कुठं ठेवता?”

“बंद करते.”

“म्हंजे संपलं. खपाऊ साहित्यात धरू?” पेन टेकवलं आणि उचललं. “पण उद्या परत चालणार. मग खपलं कुठं?”

ह्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून मी आपल्या सातारा जिल्ह्यातलंच उदाहरण काढलं. मराठी विश्वकोश वाईत घडला, पहिला खंड १९७६ चा, आणि आज तो नेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. मोबाईलवर उघडून दाखवला. अण्णांनी ‘ऊस’ शोधायला लावला, कारण त्यांचा दोन एकर आहे. वीस मिनिटं वाचत बसले. लागणीच्या अंतरावरनं विश्वकोशाशी मतभेद झाले. मोबाईल परत देताना म्हणाले, “चांगलंय. पण पावती पाहिजेच.”

आता खरं सांगते, राग अण्णांचा नाही. गेल्या वर्षी एक टाय लावलेला माणूस ‘डिजिटल क्लासरूम’ म्हणून पेनड्राइव्ह विकून गेला. आत काय, तर बालभारतीचीच पुस्तकं, जी ई-बालभारतीवर कुणीही फुकट उतरवून घेतं. त्याला छापील बिल होतं, शिक्का होता. कुणी ब्र काढला नाही. त्या पेनड्राइव्हच्या डबीवर नंबर आहे, डबी कपाटात आहे, किल्ली कुणाकडे ते विचारू नका. फेट उतरवायला नेट माझ्या मोबाईलचं. त्यावरच्या प्रश्नांच्या बेचाळीस झेरॉक्स माझ्या पर्समधून. त्यांची पावती आजवर कुणी मागितली नाही, आणि मागितली तरी पैसे मिळणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

शेवटी कोरा कागद घेतला : ‘पावती लिहून देते की, वरील साहित्यापोटी रुपये शून्य फक्त अदा केले.’ खाली सही. देणारी मीच, लिहून देणारीही मीच.

अण्णांनी कागद उजेडाकडे धरला, दोनदा वाचला, आणि पहिल्यांदाच समाधानानं मान डोलावली.

“रेव्हेन्यू स्टॅम्प नको लावायला. पाच हजारांच्या आत हाय.”