नाताळचे झाड: मळ्यातला सुरू, कुंडीतला अरोकेरिया

पुण्यात नाताळचे झाड मिळवणे आता अगदीच सोपे झाले आहे. बोहरी आळीत किंवा कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर हव्या त्या उंचीचे घडीचे प्लास्टिकचे झाड मिळते. खोक्यातून काढून फांद्या उलगडल्या की काम संपते. ज्यांच्या घरी वयस्कर माणसेच आहेत किंवा दर दोन वर्षांनी ज्यांचे भाड्याचे घर बदलते, त्यांनी ते आणले तर माझी काहीच तक्रार नाही. आमच्या घरात मात्र ते अजून आलेले नाही आणि येऊ नये असे मला वाटते, कारण आमच्याकडे झाड सजवण्यापेक्षा झाड शोधणे हाच नाताळचा मोठा भाग होता.

ही प्रथा मूळची जर्मनीतली. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती अल्बर्ट यांचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि इंग्लंडभर तिचे वेड पसरले. त्या चित्रातले थंड प्रदेशातले सूचिपर्णी झाड पुण्याच्या हवेत कुठून असणार? आमच्या आजोबांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सुरू. सुरूही इथला नव्हे, तो ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. पण कोकणच्या किनाऱ्यावर आणि घाटावरच्या बागांच्या कडेला तो इतका रुळला आहे की त्याला कोणी परका म्हणत नाही.

आजोबा शिक्षक होते. हडपसरच्या पुढे त्यांच्या ओळखीच्या एका बागाईतदाराच्या मळ्याला सुरूची रांग होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आजोबा आणि पप्पा सायकलवरून तिकडे जात, सोबत आजीने दिलेला करंज्यांचा आणि कलकलांचा डबा असे. मळेवाल्यांची अट दरवर्षी तीच: "मास्तर, फांदी कुठलीही न्या, पण शेंडा मागू नका." शेंडा छाटला की झाडाची सरळ वाढ खुंटते, हे दोघांनाही ठाऊक असे, तरी आजोबा एकदा शेंड्याकडे बघून घेतच. मग एका बाजूला फाकलेली, दुसऱ्या बाजूला बोडकी अशी फांदी घरी येई आणि बोडकी बाजू भिंतीकडे करून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात विटा आणि ओली वाळू ठासून उभी केली जाई. डब्याला लाल पतंगी कागद लावणे हे आत्याचे काम; तिथे दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नसे.

सुरू जवळून पाहिला आहे का? ज्यांना आपण त्याची पाने समजतो त्या खरे तर बारीक हिरव्या डहाळ्या असतात. त्यांना इवलेसे सांधे असतात, ओढले की त्या सांध्यावर निखळतात. खरी पाने त्या सांध्यांवरच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या खवल्यांएवढीच. त्यामुळे बर्फ म्हणून लावलेला कापूस एकदा त्यात गुंतला की निघत नसे, आणि फांदी सुकू लागली की तिचे तुकडे जानेवारी सरला तरी सतरंजीतून निघत राहत. आजी त्यावरून दरवर्षी बोलत असे. ६ जानेवारी झाली की झाड उतरायचे आणि त्याची लाकडे बंबात जायची. सुरूचे लाकूड जळायला फार चांगले.

आता तो मळा राहिला नाही, तिथे इमारती आहेत. शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या कुंपणातली फांदी नाताळासाठी गुपचूप कापण्याचे समर्थन मी करणार नाही. म्हणून आमचा शोध आता उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांकडे वळला आहे. तिथे 'क्रिसमस ट्री' म्हणून जे रोप मिळते ते अरोकेरिया. त्याच्या दोन जाती हमखास एकमेकींच्या नावावर विकल्या जातात: नॉरफोक बेटावरची आणि न्यू कॅलेडोनियाची, दोन्ही पॅसिफिक महासागरातल्या. दुसरीला कुक पाइन म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जगभर लावलेले कुक पाइन विषुववृत्ताकडे कललेले असतात. म्हणजे पुण्यात दक्षिणेकडे. सोसायटीच्या फाटकाशी एखादे उंच, किंचित वाकडे झाड दिसले तर माळ्याला दोष देण्याआधी दिशा पाहावी.

माझे मत तिखट आहे ते इथे. हौसेने आणलेले हे रोप पुष्कळ घरांत जानेवारीनंतर काळोख्या कोपऱ्यात पडते, कुंडीत पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यापर्यंत ते वाळते. असे दरवर्षी नवे रोप मारण्यापेक्षा प्लास्टिकचे झाड परवडले, निदान ते वीस वर्षे वापरावे. आणि ज्यांचे रोप जगते ते ते नेमके इमारतीच्या भिंतीला खेटून किंवा विजेच्या तारांखाली लावतात. हे झाड तीन-चार मजले सहज ओलांडते, आणि मग महापालिकेकडे अर्ज करण्याची वेळ येते.

आम्ही रोप कुंडीतच ठेवतो, उजेडाच्या गॅलरीत, माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही. छताला टेकू लागले की ते मोकळी जागा असलेल्या नातेवाइकांकडे जाते आणि मगच नव्याचा शोध सुरू होतो. यंदा ती वेळ आली आहे. आत्याची सूचना अशी की रोप निवडताना चारही बाजूंनी भरलेले घेऊ नये, एक बाजू बोडकी असलेले पाहावे, ते स्वस्त पडते आणि भिंतीला चांगले बसते.