१९६८ची येन्को कमॅरो आणि न जुळणारा इंजिन नंबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की १९६८च्या येन्को कमॅरोच्या (डीलर येन्कोने मोठे इंजिन बसवून विकलेली, जनरल मोटर्सच्या शेवरोलेची गाडी) इंजिन ब्लॉकवर गाडीचा चेसिस नंबर पंच केलेला नसेल तर ती नकली धरावी. आणि डीलरने इंजिन बदललेल्या गाडीला ‘ओरिजिनल’ म्हणूच नये.

पहिली कसोटी १९६९च्या गाडीला चालते. १९६८ला लावाल तर खरी गाडीच बाद होईल. जनरल मोटर्सने तेव्हा कमॅरोत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायला मनाई केली होती. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येन्को ३९६ घनइंचांच्या एल७८ इंजिनाची कमॅरो मागवायचे आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये तिला ४२७चा शॉर्ट ब्लॉक (हेड वगळून इंजिनाचा खालचा भाग) बसायचा. कारखान्याचा पंच काढलेल्या ब्लॉकबरोबर गेला. अशा ४२७वर कारखान्याच्या धाटणीचा, तंतोतंत जुळणारा पंच दिसला तर उलट मला संशय येतो. इथे पुरावा कागदांचा: येन्कोचे विक्री-बिल, डीलरच्या नोंदी, पहिल्या मालकापासूनची सलग साखळी.

१९६९ला कोपो (सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर) ९५६१ या खास ऑर्डरखाली शेवरोलेनेच ४२७चे एल७२ इंजिन बसवून दिले. तिथे तुमचा नियम मलाही मान्य. चेसिस नंबरवरून इंजिनाबद्दल ते व्ही-८ आहे एवढेच कळते, म्हणून ब्लॉक वाचावाच लागतो. उजव्या हेडच्या पुढच्या पॅडवर (ब्लॉकवरची सपाट जागा) टोनावांडा इंजिन कारखान्याचा ‘टी’, जुळणीची तारीख, मग फोर-स्पीड गिअरबॉक्सला ‘एमएन’ किंवा ऑटोमॅटिकला ‘एमओ’. चेसिस नंबरचे अंक तिथेच किंवा ऑइल फिल्टरजवळ. आधी ब्लॉक ओतल्याची तारीख, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची; हा क्रम उलटला तर ते इंजिन त्या गाडीचे नाही. पॅडवर ब्रोचिंगच्या (कारखान्यात पृष्ठभाग कापून सपाट करण्याच्या) बारीक समांतर रेघाही हव्यात. ब्लॉकला फेस मारला, म्हणजे वरचा पृष्ठभाग पुन्हा तासला, की त्या जातात आणि नवा पंच ठोकायला जागा मोकळी होते. मात्र प्रामाणिक रीबिल्डमध्येही फेस मारतात, त्यामुळे केवळ रेघा नाहीत म्हणून कुणाला खोटे ठरवू नका. रंगाचे पट्टे आणि ‘एसवायसी’चे (येन्को सुपर कार) बिल्ले मी पुराव्यात धरतच नाही, ते सगळे नवे मिळते.

‘ओरिजिनल’बद्दल मी ठाम आहे: पहिल्या ग्राहकाला नवी गाडी ज्या रूपात बिलावर विकली गेली, ते तिचे मूळ रूप.

कागद शोधताना लक्षात ठेवा: जनरल मोटर्स कॅनडाच्या नोंदी कॅनडात विकलेल्या गाड्यांपुरत्याच आहेत. अमेरिकेत विकलेल्या कोपो गाडीसोबत प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही वॉरंटीची धातूची पट्टी असेल, तर तिच्यावरचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे कोड प्रत्यक्ष भागांशी ताडून पाहा. पट्ट्याही नकली बनतात, तेव्हा एकट्या पट्टीवर पैसे देऊ नका.