पाणी दिसलं तिथे सिलिकॉन? जरा थांबा

जुन्या फायबरच्या होडीत पाणी येत असेल तर काय करावं, याचा एक चार ओळींचा सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘फायबर कुजत नाही, घाबरू नका. आत पाणी दिसेल तिथे सिलिकॉन भरा, तळाला जेलकोटचा (फायबरवरच्या चकचकीत वरच्या थराचा) एक हात मारा आणि मोठा पंप बसवा.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

‘पाणी दिसेल तिथे’ म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. डेकवरच्या (होडीच्या वरच्या फळीवरच्या) एखाद्या बोल्टमधून शिरलेलं पाणी आतल्या अस्तरामागून ओघळत जातं आणि कुठल्या कुठे बाकाखाली उगवतं. म्हणून आधी तळ पुसून कोरडा करा, होडी झाका आणि पाण्यात नुसती बांधून ठेवा. तरीही पाणी आलं तर भोक पाण्याच्या रेषेखाली आहे. पावसानंतरच येत असेल तर डेक, खिडक्या किंवा डेक-बॉडीच्या जोडाची कड तपासा. इंजिन चालवल्यावरच येत असेल तर शाफ्टची ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा होडीतून बाहेर पडतो तिथली पाणी अडवणारी जोडणी, बघा. मात्र दोरी भरलेल्या जुन्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थोडे थेंब पडायलाच हवेत. ते थांबवायला नट आवळत बसलात तर शाफ्ट तापून झिजतो.

डेकची गळती पकडायला एक झकास युक्ती आहे. सगळी झाकणं बंद करायची, एका फटीतून पानं उडवायच्या ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावत जायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. तळासाठी उलटं करा: होडी किनाऱ्यावर घेऊन आत थोडं पाणी ओता आणि बाहेर कुठे ओल फुटते तिथे खूण करा. एक लिटर म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवून तळाला नीट टेकू द्या आणि हात आखडता ठेवा.

‘फायबर कुजत नाही’ हे अर्धसत्य आहे. फायबर ज्यापासून बनतं ते काचेचे धागे आणि रेझिन कुजत नाहीत, पण बऱ्याच होड्यांच्या डेकच्या पोटात बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असतं आणि ते मात्र मस्त कुजतं. हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. अशा डेकला आतून सिलिकॉन फासलं की वरून शिरणारं पाणी आतच कोंडतं. कूज फार पसरली नसेल तर बोल्ट काढा, छिद्र मोठं करा, कडेचं ओलं लाकूड कोरून जागा पूर्ण वाळू द्या, दाट केलेला एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरा आणि सुकल्यावर त्यातूनच नवं छिद्र पाडा. मग ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून बोल्ट स्थिर धरायचा आणि फक्त नट फिरवायचा.

सिलिकॉनवर माझा खास राग आहे. त्याचा अंश जागेवर राहतो आणि पुढे तिथे ना रंग धरतो ना एपॉक्सी. पाण्याखालच्या फिटिंगला पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट वापरा. पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकच्या खिडकीला मात्र लावू नका, प्लास्टिक खराब होतं.

पंपाबद्दल एवढंच: तो पाणी फेकतो, अडवत नाही, आणि बॅटरी बसली की तेही नाही.

राहिला जेलकोट. तो वरचा मुलामा आहे. आरपार गेलेली चीर त्याने बुजत नाही. ती जागा आधी ॲसिटोनने पुसायची आणि मगच घासायची, नाहीतर पृष्ठभागावरचं मेण आणखी आत मुरतं. चिरेच्या कडा घासून उतरत्या करायच्या आणि उतार फायबरच्या जाडीच्या बारापट घ्यायचा, म्हणजे 5 मिमी जाडीला चहूबाजूंनी 60 मिमी. त्यावर एपॉक्सीत भिजवलेलं ग्लास कापड थरांवर थर बसवायचं. घासताना मास्क हवाच. एपॉक्सीवर नेहमीचा पॉलिएस्टर जेलकोट कित्येकदा नीट सुकत नाही, चिकट राहतो. त्यापेक्षा वरून सरळ रंग द्या.